कॅन्सरच्या उपचारांनंतर उरलेले बरगड्यांचे दुखणे: लिडोकेन पट्टी आणि इतर साधनांचा वापरानंतरचा अनुभव

लिडोकेन या जागा बधिर करणाऱ्या औषधाची पाच टक्क्यांची, त्वचेवर चिकटवायची पट्टी मी गेल्या हिवाळ्यापासून वापरते आहे. तिच्याविषयी माझे मत असे, की ती एका प्रकारच्या दुखण्यावर चांगली आहे, दुसऱ्यावर निरुपयोगी आहे आणि तिसऱ्या प्रकारात तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. हाच निकष पाठीमागे ठेवायच्या फोमच्या उशीला, खास शिवून घेतलेल्या अंतर्वस्त्राला, गरम पाण्याच्या पिशवीला आणि विजेच्या झिणझिण्या देणाऱ्या यंत्रालाही लागू पडतो. म्हणून या सगळ्या वस्तूंविषयी एकत्रच लिहिते.

माझी डाव्या बाजूच्या स्तनाची पूर्ण शस्त्रक्रिया झाली, काखेतील गाठी काढल्या, नंतर केमो आणि छातीच्या भिंतीला रेडिएशन झाले आणि आता कॅन्सर परतू नये म्हणून लेट्रोझोलची गोळी रोज चालू आहे. टाके केव्हाच भरून आले. बरगड्यांतील दुखणे मात्र राहिले. हे केवळ माझ्याच वाट्याला आलेले नाही, हे समजायला मला बराच वेळ लागला. डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या 3253 महिलांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षे उलटल्यावरही त्यांपैकी 47 टक्के महिलांना वेदना होत होत्या. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला डॉक्टर स्वतंत्र विकार मानतात आणि तिच्यासाठी वेगळे उपचार असतात. तरीही फॉलोअपच्या धावपळीत हा विषय रुग्णाने स्वतः काढल्याशिवाय सहसा निघत नाही. ‘एवढे मोठे संकट टळले, आता थोडे दुखले तर काय झाले’ असे आपल्या घरातही म्हटले जाते आणि आपणही तेच म्हणत राहतो.

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी बोन स्कॅन करून घ्यावा, हे मी ठामपणे सांगेन. ज्या बाईला एकदा स्तनाचा कॅन्सर झाला आहे, तिच्या बरगडीत नव्याने उठलेले आणि टिकून राहिलेले दुखणे तपासल्याशिवाय ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. स्कॅनसाठी शिरेतून किरणोत्सर्गी औषधाचे इंजेक्शन देतात, ते हाडांत पोहोचेपर्यंत दोन-तीन तास थांबवतात आणि त्या वेळात भरपूर पाणी प्यायला सांगतात. काखेतील गाठी काढलेल्या बाजूचा हात सुई टोचण्यासाठी पुढे करायचा नसतो, हे तिथल्या गर्दीत आपणच आठवणीने सांगावे. माझ्या रिपोर्टमध्ये आजार पसरल्याची खूण नव्हती. त्यानंतरच पट्ट्या आणि उशा यांचा विचार सुरू झाला.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच भेटीत माझ्या दुखण्याचे तीन भाग करून दाखवले आणि माझ्या मते त्या दिवशी निम्मे काम झाले. पहिला भाग त्वचेचा. छातीच्या कातडीवर आणि दंडाच्या आतल्या बाजूला आग होते, मध्येच करंट लागल्यासारखी कळ जाते आणि सुती ओढणी घासली तरी सहन होत नाही, पण त्याच जागी चिमटा काढला तर कळत नाही. काखेतून दंडाकडे जाणारी एक बारीक नस गाठी काढताना दुखावते किंवा कापली जाते, त्याचा हा परिणाम असतो. दुसरा भाग आवळल्याचा. रेडिएशननंतर स्नायू आणि त्यांवरचे आवरण घट्ट होत जाते आणि ही प्रक्रिया रेडिएशन संपल्यावर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालू राहते. खोल श्वास घेतला किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला, की बरगड्यांना कोणीतरी पट्टा आवळल्याचे जाणवते. तिसरा भाग हाडाचा. छातीच्या मधल्या हाडाला बरगड्या जिथे कुर्चेने जोडलेल्या असतात, तिथे बोट ठेवले की नेमके दुखते. रेडिएशन मिळालेल्या बरगड्या काहीशा ठिसूळ होतात, क्वचित जोराच्या खोकल्यानेही त्यांना तडा जातो. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी शरीरातील इस्ट्रोजेन खाली येते आणि हाडांची घनता आणखी घटते. यासाठी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करतात. नागपूरसारख्या उन्हाच्या गावात राहून माझे ड जीवनसत्त्व कमी निघाले, याचे मला आश्चर्य वाटले. डॉक्टरांना अजिबात वाटले नाही.

आता पट्टीकडे वळते. ही पट्टी सुमारे 10 सेंटिमीटर रुंद आणि 14 सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यात 700 मिलिग्रॅम लिडोकेन असते. मूळ मान्यता नागिणीनंतर उरणाऱ्या वेदनेसाठी आहे. धंतोलीतल्या औषधाच्या दुकानात मी चिठ्ठी पुढे केली तेव्हा काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “ताई, ही पट्टी आम्ही नागीणवाल्यांना देतो, तुम्हाला नागीण झाली का?” शस्त्रक्रियेनंतरच्या नसेच्या दुखण्यावर डॉक्टर ती स्वतःच्या निर्णयाने देतात आणि या वापरामागचा पुरावा नागिणीइतका भक्कम नाही, हे माझ्या डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते. चिठ्ठीशिवाय ती आणू नये, कारण हृदयाच्या ठोक्यांची किंवा यकृताची तक्रार असलेल्यांना ती देताना विचार करावा लागतो.

वापरण्याची रीत अशी, की 12 तास लावायची आणि पुढचे 12 तास त्वचा मोकळी ठेवायची. एका वेळी जास्तीत जास्त तीन पट्ट्या लावता येतात. मला एक पट्टीही मोठी होते. मागचा कागद काढण्यापूर्वी ती कात्रीने कापता येते, म्हणून मी तिचे दोन तुकडे करते: लांबट तुकडा व्रणाच्या खालच्या बाजूला बरगडीच्या रेषेत आणि छोटा तुकडा काखेच्या पुढे. व्रणावर चीर, पुरळ किंवा ओल असेल तर तिथे लावायची नाही. लावताना औषधाचा बुळबुळीत थर बोटांना लागतो, त्यामुळे डोळ्यांना हात लावण्याआधी तो धुवावा. लावल्याबरोबर थंड वाटते. कातडीवरची आग मात्र अर्ध्या-पाऊण तासाने उतरू लागते. पूर्ण बधिरपणा येत नाही, तो यावा अशी अपेक्षाही नसते. माझ्यापुरता फरक असा पडला, की ब्लाउजचा काठ त्या जागेवर टेकला तरी मी दचकत नाही आणि रात्री डाव्या बाजूला चादर सहन होते. आवळलेपण आणि हाडाजवळचे टोचणे मात्र पट्टीने तसूभरही कमी झाले नाही. चौकशीसाठी फोन करणाऱ्या बायकांना मी हेच आधी सांगते, कारण पट्टी स्वस्त नाही आणि ‘बरगडी दुखते’ एवढ्यावर ती घेतली तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

नागपूरच्या उन्हाळ्यात तिची खरी परीक्षा होते. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला, की घामाने तिचे कोपरे सुटतात आणि स्कूटरवरून सीताबर्डीपर्यंत जाऊन येईस्तोवर ती गोळा होऊन ब्लाउजला चिकटलेली असते. मी त्यामुळे ती रात्री लावते. आधी कूलरसमोर बसून अंग पूर्ण कोरडे होऊ देते, मग पट्टी लावून तळहाताने थोडा वेळ दाबून धरते. पावसाळ्यात कूलरची ओली हवा सुरू असली, की एवढे करूनही कडा सुटतात. अशा वेळी वरून कागदी चिकटपट्टीच्या दोन बारीक फिती पुरतात. पट्टीवर शेक घ्यायचा नाही, उष्णतेने औषध जास्त प्रमाणात शरीरात शिरते. वापरून काढलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक असते, कारण त्वचेतून त्याचा फार थोडा भाग आत जातो. तेव्हा चिकट बाजू आत दुमडून ती लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. ही सूचना खोक्यावर इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते, की चष्मा लावूनही ती वाचता येत नाही.

माझ्या अनुभवात पट्टीपेक्षाही अधिक उपयोग अंतर्वस्त्र बदलल्याचा झाला आणि याबद्दल मला कोणीही आधी सांगितले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर मी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणि त्यासाठी खिसा असलेली तयार ब्रा घेतली होती. तो सिलिकॉनचा भार दिवसभर खांद्याच्या पट्टीला ओढतो आणि खालचा रुंद इलास्टिक पट्टा नेमका दुखऱ्या बरगड्यांवर बसतो. संध्याकाळी काढल्यावर त्या जागी लालसर वळ उठलेले असायचे. शेवटी गोकुळपेठेतल्या ज्या काकू माझे ब्लाउज शिवतात, त्यांनाच मी अडचण समजावून सांगितली. त्यांनी पातळ सुती कापडाची, पुढून हुक असलेली, खाली इलास्टिकऐवजी बरगड्यांच्या बऱ्याच खाली येणारी सैल पट्टी असलेली चोळीवजा ब्रा शिवून दिली. शिवण आतून टोचू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूने घेतली आणि डाव्या बाजूला आत खिसा ठेवला. घरी त्या खिशात कापसाची हलकी गादी घालते, सिलिकॉनचा स्तन फक्त समारंभाला जाताना वापरते. संध्याकाळचे वळ थांबले आणि आवळल्याची भावना बरीच उतरली. तयार मिळणाऱ्या महागड्या ब्राला मी पाचपैकी दोन गुण देईन, काकूंच्या शिवणीला साडेचार. अर्धा गुण कापला, कारण धुतल्यावर कापड आटते आणि पुन्हा उसवून द्यावे लागते.

झोपण्यासाठी फोमची उतरती उशी घेतली, म्हणजे पाठ थोडी उंच राहते. पहिले काही आठवडे तिने मान धरली, मग सवय झाली. पण खरी कामाची ठरली ती पिंजाऱ्याकडून जुन्या गादीतला कापूस पिंजून भरून घेतलेली लहान उशी. कुशीवर झोपताना ती दंड आणि बरगड्या यांच्यामध्ये ठेवली, की हाताचे वजन छातीवर येत नाही. गाडीत बसताना तीच सीटबेल्टच्या खाली धरते. फोमची उशी उन्हाळ्यात तापते, कापसाची तापत नाही. विदर्भात राहून कापसाची उशी सोडून फोमच्या मागे लागण्यात तसाही अर्थ नव्हता.

गरम पाण्याच्या पिशवीबाबत सावध राहावे. डिसेंबरच्या थंडीत छातीचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात आणि शेक घेण्याचा मोह होतो, पण जिथे स्पर्श कळत नाही तिथे चटका बसल्याचेही कळत नाही आणि रेडिएशन मिळालेली त्वचा भाजली तर लवकर भरून येत नाही. मी पिशवी फक्त पाठीवर, जिथे स्पर्श नीट कळतो तिथे, जाड टॉवेलात गुंडाळून घेते. झिणझिण्यांचे यंत्र भाड्याने आणून पाहिले. बधिर त्वचेवर त्याचे इलेक्ट्रोड लावायचे नसतात, म्हणून ताईंनी ते पाठीच्या कण्याशेजारी लावून दिले. लावलेले असेपर्यंत बरे वाटे, काढले की दुखणे जिथल्या तिथे. परत केले.

आवळलेपणावर व्यायामाखेरीज काही चालले नाही. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर वर चालत जाणे, दाराच्या चौकटीला हात टेकून छाती हळूहळू पुढे नेणे, खालच्या बरगड्यांवर तळवे ठेवून ते बाजूला सरकतील असा श्वास घेणे आणि व्रणावर खोबरेल तेलाने बोटांनी गोल चोळणे, एवढाच तो कार्यक्रम आहे. भिंतीवर बोटे जिथवर पोहोचतात तिथे पेन्सिलीने खूण करते. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर अशा खुणांची शिडीच तयार झाली आहे आणि रंगकाम करणाऱ्याला ती पुसू नको असे बजावावे लागले. फायदा दिसायला महिने लागले. तीन-चार दिवस सुट्टी घेतली तर हात पुन्हा खाली उतरतो, हे मात्र खरे.

रात्री नसेच्या दुखण्यावरची प्रीगाबालिनची गोळीही चालू आहे. सुरुवातीला सकाळी गरगरायचे, तेव्हा स्कूटर चालवली नाही; पाय थोडे सुजले म्हणून डॉक्टरांनी मात्रा कमी केली. हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचे नसते. कोणाला स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल आणि वेदनेसाठी ड्युलॉक्सेटिन सुचवले गेले, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण ड्युलॉक्सेटिनमुळे यकृतात टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूपात होणारे रूपांतर कमी होऊ शकते.

एका ठिकाणी नव्याने सुरू झालेले आणि दिवसेंदिवस वाढणारे दुखणे, विश्रांती घेतानाही येणारी किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ, खोकल्यानंतर अचानक उठलेली टोचणी, धाप लागणे किंवा व्रणाजवळ नवी गाठ, यांपैकी काहीही असेल तर पट्टी लावून वाट पाहू नये, सरळ डॉक्टरांना गाठावे. पट्टीवर विसंबणे धोक्याचे असलेला जो तिसरा प्रकार सुरुवातीला म्हटला, तो हाच.

आज पुन्हा खरेदी करायची झाली तर काकूंची ब्रा आणि पिंजाऱ्याची उशी पहिल्या दिवशी घेईन, पट्टी त्वचेच्या आगीपुरती आणि हिवाळ्यात अधिक वापरेन, फोमची उशी आणि यंत्र घेणार नाही. हाडाजवळचे टोचणे अजून आहे. त्यासाठी पेन क्लिनिकमध्ये सोनोग्राफीने पाहून बरगडीच्या नसेजवळ इंजेक्शन देण्याचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला आहे आणि पुढच्या फॉलोअपला त्याबद्दल विचारणार आहे.