आमदार निधी की सीएसआर? जुन्या ठाण्यातल्या वाटेसाठी पैसा कुठून आणावा

चेंदणी कोळीवाड्याकडून कौपिनेश्वराच्या देवळाकडे येणाऱ्या वाटेवर चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना नीट जागा मिळावी म्हणून आम्ही दोन्ही दारं ठोठावली: आमदार निधीचं आणि सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी खर्चायच्या पैशाचं. जांभळी नाक्यापाशी दोन हातगाड्या समोरासमोर लागल्या की सायकलवरून उतरावंच लागतं, आणि भाजीची पिशवी घेतलेल्या आजी गटाराच्या डुगडुगत्या झाकणांवरून जातात. तुमच्याही गल्लीत हेच असेल.

देखणं काम हवं असेल तर सीएसआर उजवा. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के खर्चायचे असतात, आणि वारसा जतन त्यात बसतं. काळ्या दगडाची कड, जुन्या वास्तूंची माहिती देणाऱ्या पाट्या, असं काही मागता येतं. आमदार निधीचं अंदाजपत्रक सरकारी दरसूचीवर बेततात, त्यामुळे बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉकच पदरात पडतात. शिवाय आचारसंहिता लागली की नवी मंजुरी थांबते.

तरीही आमचं मन फिरलं ते एका कागदामुळे. कंपनी म्हणाली, आधी रस्त्याचा ना हरकत दाखला आणा, मग संमतीपत्र देऊ. रस्ता ज्यांच्या ताब्यात, ते कार्यालय म्हणालं, पैसे कोण देणार त्याचं पत्र आणा, मग दाखला. एकच फाइल घेऊन आम्ही पावसाळाभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो. दिवाळीनंतर कंपनीतला ओळखीचा अधिकारी बदलला आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. 31 मार्च आला, विषय तिथेच संपला.

आमदार निधीत हा फेरा आमच्या वाट्याला आला नाही. आमदारांचं शिफारसपत्र जिल्हा नियोजन कार्यालयात गेलं, आणि ज्यांचा रस्ता त्यांच्याच अभियंत्यांनी अंदाजपत्रक केलं. दाखला मागायचा कुणाकडे, हा प्रश्नच उरला नाही. फरशी उखडली तर तक्रार कुठे करायची हेही आता ठरलेलं आहे. तुमच्या ओळखीची, धीराची कंपनी असेल आणि संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरचे पैसे घेऊन काम करणाऱ्या संस्थेनं केंद्र सरकारकडे करायची) झालेली असेल, तर तुमचा अनुभव कदाचित वेगळा येईल. मी मात्र पुन्हा आमदारांकडेच जाईन.

दगडी कड आम्हाला मिळाली नाही, लोखंडी खुंट मिळाले. त्यांच्यामधलं अंतर तेवढं पत्रातच आकड्यात लिहून द्या. आमच्याकडे ते जास्त राहिलं, आणि स्कूटर अजूनही मधून निघतात.