आउग्सबुर्गचे म्हणून विकलेले सहा चमचे

जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने चांदीचे सहा जुने चमचे ९०० युरोंना घेतले. विक्रेत्याने सांगितलं होतं: आउग्सबुर्ग, साधारण १७८०, चांदी १३ लोट (लोट म्हणजे चांदीच्या शुद्धतेचं जुनं जर्मन माप). पुरावा म्हणून दांडीमागचा पाइनच्या शंकूचा ठसा दाखवला. शंकू ही आउग्सबुर्गची शहरखूण आहे, हे खरंच. चमचे चांदीचे निघाले, पण १९०० च्या सुमाराचे, जर्मनीतल्याच हानाउ शहरातल्या कारखान्यातले. मोडीच्या भावापेक्षा थोडीफार जास्त, इतकीच त्यांची किंमत.

हानाउचे कारखानदार त्या काळी जुन्या घाटाची चांदी बनवत आणि तिच्यावर जुन्या शहरांच्या खुणांसारखे ठसे मारत. त्यातल्या पुष्कळ मालावर खरी खूणही असे: १ जानेवारी १८८८ पासून लागू झालेल्या जर्मन कायद्याप्रमाणे चंद्रकोर, मुकुट, ८०० (म्हणजे हजारात ८०० भाग चांदी) किंवा वरचा आकडा आणि कारखान्याची निशाणी. चंद्रकोर-मुकुट दिसला की चमचा त्या कायद्याच्या काळातला किंवा नंतरचा. शेजारी शंकू असो की बर्लिनचं अस्वल. म्हणून लबाड विक्रेता नेमकी तीच खूण कानशीने घासून टाकतो.

घासलेली जागा सापडते. दांडीच्या मागच्या बाजूवर बोट फिरवलं की हलका खळगा लागतो. तोंडाची वाफ सोडून दिवा तिरका धरा. वाफ विरताना घासल्याचे ओरखडे आणि डागडुजीचे सांधे उठून दिसतात. या सहांपैकी एका चमच्यावर दहापट भिंगातून चंद्रकोरीचं एक टोक शिल्लक दिसलं आणि तिथेच प्रकरण उघडं पडलं.

सगळे चमचे शेजारी ठेवून ठशांची तुलना करा. जुन्या कारागिराने एकेक ठसा हाताने ठोकलेला असतो, त्यामुळे जागा आणि कोन चमच्यागणिक थोडे बदलतात. सहाही चमच्यांवर ठसा त्याच जागी, तोच कडेचा तुटका कोपरा घेऊन आला असेल, तर एका अस्सल चमच्याचा साचा काढून बाकीचे ओतले आहेत. ओतीव ठशाच्या कडा बोथट असतात आणि तळाशी बारीक छिद्रं दिसतात. पाच-सहा ठसे एका ओळीत नीटनेटके मारलेले असतील तरी सावध व्हा. अठराव्या शतकातल्या आउग्सबुर्गच्या चमच्यावर बहुधा दोनच सापडतात, शंकू आणि कारागिराची खूण. १७३५ पासून शंकूखाली वर्षाचं अक्षरही येतं.

टंच जुळला म्हणून वय सिद्ध होत नाही. शुद्ध चांदी १६ लोट, म्हणजे १३ लोट ८१२.५ आणि १२ लोट ७५०. आता ८१२ आणि ८०० मधला फरक घासलेल्या, पॉलिश केलेल्या चमच्यावर यंत्राने ठरवणं कठीणच.

याहून स्वस्तातली फसवणूक ‘९०’ या आकड्यावर चालते. तो ९० टक्के चांदीचा आकडा नव्हे. बारा चमचे आणि बारा काटे मिळून सुमारे ९० ग्रॅम चांदीचा मुलामा, म्हणजे नगाला पावणेचार ग्रॅम. आत तांबं, निकेल आणि जस्त. ‘अल्पाका’ किंवा ‘नॉयझिल्बर’ लिहिलेल्या चमच्याचा गाभाही हाच, आणि आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात ते हेच. सोनाराच्या एक्सआरएफ यंत्राला (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) फक्त वरचा थर दिसतो, त्यामुळे मुलाम्याचा चमचा तिथे जवळजवळ शुद्ध चांदी म्हणून पास होतो! खोलगट भागाचा तळ टेबलावर टेकून झिजलेला असतो, तिथेच वाचन घ्यायला सांगा.

घरी करायची चाचणी अशी. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर चमच्याचं वजन करा. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि चमचा दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा सोडा. ६० ग्रॅमचा चमचा ८०० ची चांदी असेल तर काटा ५.९ च्या आसपास दाखवेल. आत अल्पाका असेल तर ६.९ च्या आसपास. चमच्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो, तेव्हा ते आधी झटकून टाका.

पैसे देण्याआधी प्रत्येक चमच्याच्या ठशाचा जवळून काढलेला फोटो मागा, एकाच चमच्याचा नव्हे. बिलावर काळ, शहर आणि टंच लिहून घ्या. ‘जुन्या शैलीतला’ एवढंच लिहिलं तर विकत घेऊ नका. युरोपीय संघात व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलं असेल तर माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करता येते. म्हणून ही तपासणी त्या मुदतीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरका. खासगी विक्रेत्याला मात्र हा नियम लागू नाही.