कातळावरची लाकडी खोली : एक पावसाळा काढल्यावर

रत्नागिरीजवळचा उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, समोर समुद्र. १२ बाय १८ फुटांची सागवानी खोली आणि पश्चिमेला पडवी. वापर १४ महिने. सागवानाबद्दल तक्रार नाही. त्रास दिला तो स्क्रूंनी आणि लाकडाच्या कापलेल्या टोकांनी.

कातळ फोडलेला नाही. नऊ ठिकाणी जांभ्याचे चिरे दोन फूट उंच रचून त्यावर खोली उचलली आहे, त्यामुळे सड्यावरून धावणारं पाणी खालून निघून जातं. वाळवीची मातीची नळी चिऱ्यावर चढताना दिसतेही. महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन वाकून बघायचं आणि खरवडायचं. आतले खांब स्टेनलेसच्या बैठकीवर दोन इंच अधांतरी आहेत. पडवीचे दोन खांब मात्र थेट चिऱ्यावर टेकवले होते. जांभा ओल धरून ठेवतो आणि खांबाचं कापलेलं टोक ती वर ओढतं. ऑगस्टअखेर त्यांच्या बुडात सुरीचं टोक अर्धा इंच अलगद शिरलं. वीतभर वर तेच लाकूड टणक.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, स्क्रू इथे वापरूच नयेत. खारा वारा जस्त खातो, मग लोखंड आणि सागातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मिळून प्रत्येक स्क्रूखाली काळा ओघळ उतरतो. ३०४ दर्जाच्या स्टेनलेसवरही तांबूस डाग येतात. ३१६ महाग आहे, पण तेच घ्या.

जमिनीच्या सहा इंची फळ्या मे महिन्यात घट्ट भिडवलेल्या होत्या. जुलैत फुगून उचलल्या. ३ मिलिमीटर फट हवीच.

मंगलोरी कौलांना ३० अंशांचा उतार पुरतो. पावळीकडच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, दोन ओळी तारेने रिपांना बांधा, वासे पट्टीने तुळईला धरा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड किनाऱ्यावर असंख्य छपरं उडाली, वारा छपराखाली शिरतो म्हणून. पावळी तीन फूट बाहेर असूनही पश्चिमेची झड आत येतेच. त्यावर माडाच्या पानांचे विणलेले झाप, मे अखेर बांधायचे, दसऱ्यानंतर सोडायचे. याहून चांगला उपाय सापडला नाही.

तळाच्या तुळयांना काजूच्या टरफलाचं तेल दोन हात. हातमोजे घालाच, कातडी भाजते. भिंतींवर कच्चं जवसाचं तेल लावू नका, दमट हवेत त्यावर बुरशी धरते.

आणि जुलैत अडकणारं दार लगेच रंध्याखाली घेऊ नका. फेब्रुवारीत तिथूनच वारा येईल. कडेला मेण चोळून ऑक्टोबरपर्यंत थांबा.