धरणफोड्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचं १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं) मॉडेल किट जोडून झालं, कसं आहे सांगतो

गेले तीन आठवडे रात्री जेवण झालं की हेच घेऊन बसत होतो, काल शेवटचं डिकल (विमानावरच्या खुणांचं चिकटचित्र) लावलं. १६ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश वैमानिक गाय गिब्सन जर्मनीतली धरणं फोडायला घेऊन गेला ते लँकेस्टर, त्यावरची खूण एजे-जी. गिब्सनचा जन्म आपल्या सिमल्यातला, १९१८ चा, म्हणजे तेव्हा पोरगा अवघा २४ वर्षांचा!

पंखांचे सांधे मस्त बसतात, पुट्टी फारशी लागत नाही. काचेचे पार्ट जपून काढा, माझ्या पुढच्या टरेटला (बंदुकांच्या फिरत्या घुमटाला) डब्यातच चरा होता आणि दुकानदाराने बदलून दिला नाही, वाईट वाटलं. पण पोट बघा पोट! बॉम्ब-बेची (बॉम्ब ठेवायच्या कप्प्याची) दारं नाहीत, दोन बाजूंच्या व्ही आकाराच्या हातांमधे पिंपासारखा बॉम्ब आडवा अडकवायचा. खरा चार टनांच्या वर होता, टाकायच्या आधी पट्ट्याने मिनिटाला ५०० फेरे उलटा फिरवायचे, मग तो पाण्यावर टप्पे घेत धरणापुढच्या पाण्यातल्या संरक्षक जाळ्यांवरून जायचा, भिंतीला लगटून खाली बुडायचा आणि तिथे फुटायचा. ब्रिटिश इंजिनिअर बार्न्स वॉलिसचं डोकं.

आता एक करून बघाच. बॉम्ब सोडताना उंची बरोबर ६० फूट हवी होती, पोटाखालच्या दोन दिव्यांचे झोत पाण्यावर जुळले की समजायचं आलो. या स्केलला ते होतात २५ सेंटीमीटर. मी पट्टी उभी धरली, शेजारी मॉडेल धरलं, आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४३ सेंटीमीटर! विमान जेवढं रुंद तेवढंही उंच नाही, चांदण्या रात्री, समोरून तोफा चालू. ६० फूट कितीदा वाचलं होतं, कळलं काल. आणि स्वतःचा बॉम्ब टाकून झाल्यावरही हा गिब्सन मागच्या विमानांच्या बाजूने पुन्हा उडत गेला, मारा आपल्यावर यावा म्हणून.

१९ पैकी ८ विमानं परतली नाहीत, ५३ जण गेले. गिब्सनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि सप्टेंबर १९४४ मधे तोही गेला. सूचनापत्रकात हे थोडंफार आहे, पण धरणं फुटून आलेल्या पुरात मेलेल्या १३०० च्या वर माणसांबद्दल अक्षर नाही, त्यात वेठबिगारीला आणलेल्या कितीतरी परदेशी बायका होत्या. निदान एक ओळ हवीच होती, एक स्टार त्याचा कापला.

पहिलंच किट असेल तर हे नको, दोन-तीन सोपी करून मग घ्या. चाकं आत घेतलेलीच जोडा. डब्यात स्टँड नव्हता, मी ॲक्रिलिकची दांडी आणून बरोबर २५ सेंटीमीटरवर कापली.