लेखकांच्या नावांसाठी विकिडेटा वापरतोय, कसं वाटलं ते सांगतो

वाचनालयाचा कॅटलॉग लिंक्ड डेटात, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या रूपात, न्यायचं ठरलं तेव्हा वाटलेलं की नावं हा सगळ्यात सोपा भाग, पण घोडं तिथंच अडलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रकाने दोनच, फर्स्ट नेम आणि लास्ट नेम, त्यात कुणी "वि. वा." भरलेलं तर कुणी "कुसुमाग्रज" थेट आडनावात. एक आजोबा काउंटरवर कुसुमाग्रजांचं नटसम्राट मागायला आले, सर्च मारला तर नुसते कवितासंग्रह, नाटक शिरवाडकरांच्या नावावर वेगळंच पडलेलं, आणि आजोबा रिकाम्या हाताने गेले. पुस्तक मागच्या कपाटात होतं हो! फार वाईट वाटलं.

म्हणून विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्याच कुटुंबातला खुला माहितीसाठा, घेतलं, आणि ह्याच एका माणसावर त्याची खरी परीक्षा झाली. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तक गेल्यावर विष्णु वामन, धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून कुसुमाग्रज. इथे जन्मनावाला पी १४७७, स्वतःच्या भाषेतल्या नावाला पी १५५९ आणि टोपणनावाला पी ७४२ अशी वेगवेगळी प्रॉपर्टी, म्हणजे क्रमांक दिलेला माहितीचा रकाना, आहे, तिन्हीत नाव आहे तसं अख्खं लिहायचं, तोडायचं नाही. मला हेच सगळ्यात आवडलं. स्कीमा डॉट ऑर्गमध्ये (वेबपानांवरच्या माहितीसाठी ठरवलेल्या रकान्यांची यादी) गिव्हननेम, फॅमिलीनेम, ॲडिशनलनेम आहे, पण मधलं "वामन" ॲडिशनलमध्ये टाकलं की ते वडिलांचं नाव आहे, तेही दत्तक वडिलांचं, हे कुठेच कळत नाही. विकिडेटात वडिलांवरून आलेल्या नावासाठी वेगळी पी ५०५६ आहे.

त्रास होतो तो पी ७३५ आणि पी ७३४ ला, म्हणजे पहिलं नाव आणि आडनाव. तिथे नुसता मजकूर चालत नाही, त्या नावाचा स्वतंत्र आयटम, म्हणजे विकिडेटातली वेगळी नोंद, लागतो, मराठी नावांचा आयटम शोधत बसावं लागतं, विष्णु की विष्णू हा घोळ आहेच, आणि नसेल तर आधी तो बनवा. वेळ कमी असेल तर हे दोन्ही सरळ मागे ठेवा, आधी अख्खं नाव, टोपणनाव आणि मराठीतली उपनावं (अलियास, म्हणजे त्याच माणसाची इतर नावं) भरा, शोधणाऱ्याला पुस्तक त्यावरच सापडतं.

आपल्या सिस्टीममध्ये मी स्कॉस वापरतो, म्हणजे संज्ञा आणि त्यांची नावं नोंदवायची एक प्रमाण पद्धत. त्यात एका भाषेला प्रेफलेबल, म्हणजे मुख्य नाव, एकच, मग कुसुमाग्रज ठेवायचं की शिरवाडकर यावरून आमच्याकडे दोन दिवस वाद झाला. शेवटी कुसुमाग्रज ठेवलं, बाकी सगळं आल्टलेबलमध्ये, म्हणजे पर्यायी नावांत, आणि रोमन लिपीतल्या प्रेफलेबलला वेगळा भाषा-टॅग (नाव कोणत्या भाषेत-लिपीत आहे ते सांगणारी खूण) लावला. तो टॅग विसरू नका, नाहीतर रोमन नावही मराठीच्याच टॅगखाली जातं आणि प्रेफलेबल दोन होतात.

विकिडेटाचा डेटा सीसी झिरो (सगळे हक्क सोडून दिलेला परवाना) आहे, त्यामुळे उचलून वापरायला परवानगी मागावी लागत नाही, पैसेही नाहीत. माझ्याकडून पाचपैकी चार. आता कवी ग्रेस यांचं रेकॉर्ड करतोय, पी ७४२ मध्ये ग्रेस, पी १५५९ मध्ये माणिक गोडघाटे, आणि जुन्या सॉफ्टवेअरमधलं "लास्ट नेम: ग्रेस" काल पुसून टाकलं.