रेशन दुकानातला कोरा फळा: आधी त्याचा फोटो काढा

आम्ही ठाण्यात लोकमान्य नगरला राहतो. घरात पाच माणसं, केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबांच्या यादीत नाव. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 25 किलो धान्य आमच्या हक्काचं, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. आमच्या पिशवीत पडायचं 20 किलो. विचारलं की ठरलेलं उत्तर, "वरूनच माल कमी आलाय ताई, आम्ही तरी काय करणार?" पावती मागितली की मशीनचा रोल संपलेला. शेजारच्या आजींकडून तर मोफत धान्यावर 'हमाली'चे वीस रुपये घ्यायचे. त्या बिचाऱ्या देतही होत्या.

खरा प्रकार कळला तो भाच्यामुळे. त्याने रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनच्या नोंदी दाखवणाऱ्या महाईपॉसच्या सरकारी संकेतस्थळावर आमच्या कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकला आणि सगळा हिशोब समोर आला. दर महिन्याला आमचा अंगठा, दर महिन्याला पूर्ण 25 किलोची उचल. माल वरून कमी आलेलाच नव्हता. पाच माणसांच्या घरातून महिन्याला पाच किलो. अख्ख्या वस्तीचं मिळून किती होत असेल, या विचाराने माझं डोकं सुन्न झालं.

मी दुकानात जाऊन जाब विचारला तर दुकानदार सगळ्यांसमोर म्हणाला, "घरी नेऊन काढून ठेवलं असेल, पुरावा काय?" एकदा धान्य घरी आलं की त्याच्याविरुद्ध तुमच्या शब्दाशिवाय काहीच उरत नाही. इथेच बहुतेक लोक गप्प बसतात.

आमच्या चाळीत रेशनिंग खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणाले, "वजनाचं नंतर बघू. आधी फळ्याचं लिही."

तो फळा मी रोज पाहत होते. पत्र्याचा काळा फळा, पांढऱ्या रंगात आखलेले रकाने: वस्तू, दर, आरंभीचा साठा, आवक, विक्री, शिल्लक. रकान्यांत एक आकडा नाही. तारखेच्या जागी पुसट झालेला मागच्या कधीतरीचा महिना. तक्रार कुणाकडे करायची ते जिथे लिहायचं, तिथे नेमकी पोत्यांची थप्पी लावलेली.

काकांनी समजावलं ते असं. सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा 2015 चा नियंत्रण आदेश आहे. त्यात कार्डधारकाला किती धान्य, कोणत्या दराने, दुकानाची वेळ, त्या दिवशीचा सुरुवातीचा आणि अखेरचा साठा, हे सगळं दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. धान्याचा नमुनाही ठेवावा लागतो. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 च्या कलम 3 खाली काढलेला आहे आणि तो मोडला तर कलम 7 खाली खटला भरता येतो. किराणा दुकानातल्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते, तिथे निदान बोट ठेवता येतं. रेशनच्या सुट्या धान्यावर काहीच छापलेलं नसतं, तिथे आपल्या हातात फक्त तो फळा. फळ्यावर तांदळाची शिल्लक लिहिलेली असेल तर 'माल आला नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून निघूच शकत नाही. म्हणून तर तो कोरा ठेवतात! आणि कोऱ्या फळ्याला साक्षीदार लागत नाही, फोटो पुरतो.

आम्ही वेगवेगळ्या दिवशी फोटो काढले. एक लांबून, दुकान क्रमांकाची पाटी दिसेल असा, आणि एक जवळून, रकाने वाचता येतील असा. वाद न घालता, ग्राहकांच्या बाजूला उभं राहून. सोबत महाईपॉसवरच्या नोंदींच्या प्रिंट आणि शेजारच्या बायकांच्या सह्या. ठाणे आणि नवी मुंबई शहरांत तहसीलदाराकडे जाऊ नका, हेलपाटा पडेल. इथे शिधावाटप कार्यालय असतं, आणि त्याच्या वर फ परिमंडळाचे, म्हणजे शिधावाटप खात्याच्या ठाणे विभागाचे, उपनियंत्रक. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. 1967 किंवा 1800-22-4950 वर फोन करून तक्रार क्रमांकही घ्या.

निरीक्षक आले, पंचनामा झाला. मशीनवरचा साठा आणि प्रत्यक्ष पोती जुळली नाहीत. इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षाला करायची फेरपडताळणीही झालेली नव्हती. दुकानाचा परवाना निलंबित झाला आणि आमची कार्डं जवळच्या दुसऱ्या दुकानाला जोडली. मधल्या काळात कुणाचं धान्य अडायला नको, म्हणून लक्षात ठेवा, अंगठा लावून दुसऱ्या रेशन दुकानातूनही धान्य घेता येतं.

यानंतर जे झालं त्यासाठी खास करून लिहिते आहे. दुकानदाराची माणसं घरोघर फिरली. "राहिलेलं सगळं धान्य देतो, सही मागे घ्या." दोन घरांनी घेतली. मला त्यांचा राग आला नाही. हातावर पोट आहे, चार पोरं आहेत. पण खटला पुढे जातो तो जबाबांवर. त्यामुळे सही घेतानाच प्रत्येकीला सांगा की असं कुणीतरी दाराशी येणार आहे, आणि एकटीच्या नावाने अर्ज करू नका. आमच्या अर्जावर उरलेल्या सगळ्या बायकांनी जबाब दिले, हमालीचे पैसे मोजणाऱ्या आजींनीसुद्धा.