हेडेड पंचची अखंड प्लेट की बॉल-लॉक रिटेनर?

प्रेस टूलमध्ये पंच (पत्र्यात भोक पाडणारा दांडा) काटकोनात आणि जागेवर धरून ठेवणे हे पंच प्लेटचे काम. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये त्यासाठी दोन पद्धती दिसतात: हेडेड (मागच्या टोकाला रुंद डोके असलेले) पंच ठोकून बसवलेली अखंड प्लेट आणि बॉल-लॉक रिटेनर, म्हणजे पंच गोळीने अडकवून धरणारा धारक. नवे टूल करवून घेताना पंचाच्या किमतीपेक्षा तो किती वेळा आणि कुठे बदलावा लागणार, प्रेसवरच की कामाच्या बाकावर, याचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

अखंड प्लेट बहुधा एमएस (माइल्ड स्टील) किंवा ईएन ८ (मध्यम कार्बन पोलाद) ची असते आणि तिची जाडी पंचाच्या व्यासाच्या सुमारे दीडपट ठेवण्याचा प्रघात आहे. तिची जमेची बाजू अचूकतेची. ०.५ मिमी पत्र्याला जाडीच्या ५ टक्के क्लिअरन्स (पंच आणि खालच्या डायच्या भोकातली फट) दिला, तर पंचाच्या प्रत्येक बाजूला जेमतेम ०.०२५ मिमी जागा उरते, आणि तिथे रिटेनरमधला किंचितसा खेळही परवडत नाही. भोके एकमेकांना खेटून असतील तर रिटेनरला मुळात जागाच मिळत नाही. मात्र पंच बसवल्यावर त्याची डोकी आणि प्लेटची पाठ सरफेस ग्राइंडरवर एकत्र घासून समपातळीत आणलीच पाहिजेत. घाईत हे टाळले आणि डोके थोडेसे खोल राहिले, तर पंच प्रत्येक स्ट्रोकला मागेपुढे होतो आणि काही दिवसांत डोके मानेपाशी तुटते.

बॅकिंग प्लेट (पंचाच्या डोक्यामागे बसवायची प्लेट) लागेल का, हे अंदाजाने ठरवू नये. ३ मिमी जाड पत्र्यात ४ मिमीचे भोक पाडताना, पत्र्याची शिअर स्ट्रेंग्थ (कातरले जाण्याला होणारा विरोध) ३५० न्यूटन प्रति चौ. मिमी धरली, तर सुमारे १३,२०० न्यूटन बल लागते. पंचाचे डोके ७ मिमीचे असेल, तर त्यामागे साधारण ३४० न्यूटन प्रति चौ. मिमी दाब येतो. बॅकिंग प्लेट नसेल तर डोके टूलच्या मऊ टॉप प्लेटवर टेकते, आणि तिच्यासाठी २५० ही मर्यादा मानतात. म्हणजे इथे कडक केलेली बॅकिंग प्लेट हवीच.

बॉल-लॉकमध्ये तिरक्या छिद्रातली स्प्रिंगवरची गोळी पंचाच्या दांड्यावरील थेंबाच्या आकाराच्या खाचेत अडकते. रिलीज होलमधून पिन दाबली की पंच हातात येतो. टूल प्रेसवरून उतरवावे लागत नाही. याउलट अखंड प्लेटमध्ये तुटलेला एक पंच बदलायलाही टूल बाकावर घेऊन, डॉवेल (प्लेटा नेमक्या जागी धरणाऱ्या पिना) ठोकून काढून, प्लेट सुटी करावी लागते, आणि तेच तेच डॉवेल वारंवार काढल्याने त्यांची पकड सैल होते. रिटेनरची खरेदी महाग पडते, हे उघडच आहे. पण त्याची खरी मर्यादा वेगळी आहे: पंच मागे खेचताना येणारा सगळा भार त्या एका गोळीवर येतो. हाय टेन्साइल (जास्त ताकदीचा) पत्रा कापताना बसणाऱ्या उलट धक्क्यापुढे हलक्या दर्जाचा रिटेनर टिकत नाही. तिथे हेडेड पंच किंवा निदान हेवी ड्यूटी रिटेनर घ्यावा.

मध्यम उत्पादनाच्या ब्रॅकेटसारख्या जॉबला मी सगळे टूल बॉल-लॉकचे करणार नाही. जे दोन-तीन बारीक पंच हमखास तुटतात त्यांनाच रिटेनर द्यावेत, बाकीचे अखंड प्लेटमध्ये ठोकावेत. ड्रॉइंग मंजूर करण्यापूर्वी एक गोष्ट नक्की पाहावी: स्ट्रिपर (पंचावरून पत्रा सोडवणारी प्लेट) जागेवर असतानाही पिन रिलीज होलपर्यंत पोचते का. तेवढी वाट ठेवलेली नसेल, तर बॉल-लॉक असूनही टूल बाकावरच न्यावे लागेल.